मोठ्यांसाठी विज्ञानकादंबऱ्या आणि फँटसी: काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या वाचनालयात मी संध्याकाळी सहा ते साडेआठ काउंटरवर बसतो. सायन्स फिक्शन आणि फँटसीचं एक कपाट तिथं माझ्या हट्टापायी आलंय. त्या कपाटासमोर उभं राहून सभासद जे विचारतात, ते इथं लिहून काढलंय. उत्तरं माझी आहेत, माझ्या आवडीनिवडी त्यात आल्याच.

ही पोरांची पुस्तकं नव्हेत का?

शाळेत भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचला, मग दहावी, मग नोकरी, आणि तो कप्पा तिथंच बंद झाला, असं बहुतेकांचं होतं. दोष कुणाचा नाही. पण मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' १८१८ साली आली, आणि ती एका माणसाची गोष्ट आहे ज्यानं एक जीव घडवला आणि त्याचं तोंड बघताच पळ काढला. पुढं तो जीव शिकतो, बोलतो, मायेची भीक मागतो, ती मिळत नाही. हे पोरांनी वाचायचं पुस्तक नाही, पोरं असलेल्यांनी वाचायचं आहे.

सायन्स फिक्शन आणि फँटसीत नेमका फरक काय?

यावर लोक भांडतात, मी भांडत नाही. मला दोन्हीला एकच कसोटी पुरते, आणि ती मला उद्यमनगरात पॅटर्न, म्हणजे ज्यावरून पुढचे जॉब (सुटे भाग) ओततात तो लाकडी नमुना, बनवणाऱ्या एका काकांनी दिली. ते आमचे जुने सभासद. एकदा परतीचं पुस्तक काउंटरवर ठेवत म्हणाले, "लाकडाचा पॅटर्न दोन सूत चुकला की पुढचा प्रत्येक जॉब दोन सूत चुकलेलाच येणार. ह्या लेखकानं पॅटर्न बदलला, पण जॉब जुनाच काढलाय."

इतकंच बघायचं. लेखकानं जगातली एक गोष्ट बदलली की त्या बदलाचे परिणाम घरापर्यंत, बाजारापर्यंत, देवळापर्यंत त्यानं प्रामाणिकपणे पोचवलेत का? जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट आठवा. पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी थोडक्यात हुकते, बदल तेवढाच. तिथून पुढं मराठे जिंकतात आणि गंगाधरपंतांना मुंबई वेगळीच दिसते. बदल शास्त्राच्या तोंडवळ्याचा असेल तर सायन्स फिक्शन म्हणा, मंत्राच्या असेल तर फँटसी. कपाटात मी दोन्ही एकत्रच लावतो.

माझं विज्ञान बारावीला सुटलं. कळेल का?

अंबाबाईच्या किरणोत्सवाला आपण उभे राहतो ना? मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पायांशी, मग कमरेशी, मग मुखापर्यंत. सूर्य किती अंशांवर आहे हे ठाऊक नसतानाही अंगावर काटा येतो. पुस्तकाचंही तसंच. समीकरण आलं की पान उलटा, लेखक सहसा पुढच्या पानावर तेच साध्या भाषेत सांगतो. नाही सांगितलं तर तो त्याचा कच्चेपणा.

सुरुवात कुठून करू?

याचं एकच उत्तर देणाऱ्याकडून पुस्तक घेऊ नका. मी उलटा प्रश्न विचारतो: एरवी काय वाचता?

रहस्यकथा वाचत असाल तर सुझाना क्लार्कची 'पिरानेसी'. २०२० सालची, अडीचशेच्या आसपास पानं. एक माणूस दालनांमागून दालनं असलेल्या अफाट घरात राहतो. दालनांत पुतळे आहेत, खालच्या मजल्यांत समुद्राची भरती येते. तो रोज डायरी लिहितो, आणि त्याला जे कळत नाही ते आपल्याला त्याच्या आधी कळायला लागतं. २०२१ चं विमेन्स प्राइझ तिला मिळालं. पहिली पन्नास पानं जरा सोसावी लागतात, हे आधीच सांगतो.

ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नाद असेल तर ऑक्टेव्हिया बटलरची 'किंड्रेड', १९७९ ची. १९७६ मधल्या कॅलिफोर्नियातली एक काळी बाई पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. यंत्र नाही, कारण नाही, काही खुलासा नाही. ज्या गोऱ्या मुलाला ती वाचवते तोच तिचा पूर्वज आहे. एका वहिनींनी हे पुस्तक दोन रात्रींत संपवून आणून दिलं आणि म्हणाल्या, "परत असलं देताना आधी सांगत जावा." म्हणून आधी सांगतोय.

वर्कशॉपमधले असाल, हातानं काही बनवत असाल, तर अँडी वीअरची 'द मार्शियन'. मंगळावर एकटा अडकलेला माणूस बटाटे पिकवतो, तुटकं जोडतो, आणि सारखा विनोद करत राहतो. साहित्य म्हणून थोर आहे असं मी म्हणणार नाही, पण सुटत नाही हातातून.

आणि प्रेमाची, दुःखाची पुस्तकं आवडत असतील तर स्तानिस्वाव लेमची 'सोलारिस'. पोलिश लेखक, कादंबरी १९६१ ची. एका ग्रहावर एकच प्रचंड समुद्र आहे आणि तो बहुधा जिवंत आहे. त्यावरच्या स्थानकात गेलेल्या माणसाला एका सकाळी त्याची मेलेली बायको खोलीत बसलेली दिसते. ती भूत नाही, स्वप्नही नाही. समुद्रानं त्याच्या आठवणीतून तिला घडवलंय, आणि का घडवलंय हे शेवटपर्यंत कुणालाच उमगत नाही. लेमचं म्हणणं असं की आपण अंतराळात परका शोधायला जातो, पण सापडला तर त्याच्याशी बोलायला आपल्याकडं शब्दच नाहीत. घेताना एक बघा: जुना इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून केलेला आहे, थेट पोलिशवरून केलेला बिल जॉन्स्टनचा अनुवाद २०११ मध्ये आला.

मराठीतच वाचायचंय. काय आहे?

सुरुवात घरातल्या माणसापासून. जयंत नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ चा, इथला, कोल्हापूरचा. वाढले बनारसला, शिकले केंब्रिजला. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आद्याक्षरं ज. वि. ना. ची उलटी केलेली. परीक्षकांनी अक्षरही ओळखू नये म्हणून पत्नी मंगलाताईंच्या हातानं लिहून घेतलेली. पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं. मोठ्या माणसानं आपलं नाव बाजूला ठेवून रांगेत उभं राहायचं, हे मला त्यांच्या कथांइतकंच आवडतं. २० मे २०२५ ला ते गेले, त्या आठवड्यात आमच्या कपाटातला एकही नारळीकर जागेवर नव्हता.

त्यांच्या कादंबऱ्यांत 'वामन परत न आला' आधी घ्या. एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणताना एक पेटी सापडते, आपल्या आधी होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीनं ठेवलेली. त्यातल्या माहितीवरून बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. आज एआयची जी चर्चा चहाच्या टपरीवर चालते, तिची धास्ती या कादंबरीत आहे. मग 'व्हायरस', मग 'प्रेषित'. माणसं त्यांच्या हातून कधीकधी सपाट उतरतात, हे खरंय. कल्पना मात्र सपाट नसतात.

कादंबऱ्यांपेक्षा मराठीत कथा जास्त, कारण हे पीक दिवाळी अंकांत आलं आणि तिथं कथेलाच जागा. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचे संग्रह मागून घ्या. लोंढ्यांची 'दुसरा आइनस्टाइन' वाचल्याशिवाय मराठीत काही नाही असं म्हणायचं नाही, हा काउंटरचा नियम.

नारायण धारप सगळे भुतांसाठी वाचतात. 'लुचाई' रात्री वाचू नका असं मी सांगतो आणि लोक मुद्दाम रात्री वाचतात. आपल्या शेजारच्या बेळगावचे जी. ए. कुलकर्णी फँटसीच्या कपाटात बघून काही सभासद दचकतात. पण 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा उघडा. गाव कुठलं, काळ कुठला, काही ठाव लागत नाही. मोठ्यांची फँटसी याहून वेगळी काय असते?

अनुवादात टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठीत आणलंय. मायकेल क्रायटनचं 'जुरासिक पार्क' मराठीत आहे. बाकी या क्षेत्रातलं जगातलं कितीतरी उत्तम अजून मराठीत आलेलं नाही, आणि ती माझी कायमची तक्रार आहे.

'ययाति' आणि 'मृत्युंजय' फँटसीत येतात का?

नाही. पोरगा आपलं तारुण्य बापाला देतो, ही घटना अद्भुत आहेच. पण वि. स. खांडेकरांना ते कसं घडलं याच्याशी घेणं नाही, त्यांना ययातीची हाव बघायचीय. 'मृत्युंजय'मध्ये शिवाजी सावंतांना कवचकुंडलांच्या जादूपेक्षा कर्णाचा अपमान महत्त्वाचा. शिवाय खांडेकर कोल्हापूरचे, सावंत आजऱ्याचे. मी एकदा 'ययाति' त्या कपाटात ठेवून बघितली होती. एका आजोबांनी काही न बोलता ती उचलून मूळ जागी नेऊन ठेवली. विषय संपला.

'ड्यून' जमेल का? लई जाड आहे.

जमेल, पण पहिली शंभर पानं शब्दांशी झटापट होते. शेवटी शब्दकोश दिलाय, तिथं बोट ठेवून वाचा. फ्रँक हर्बर्टची ही १९६५ ची कादंबरी वीसएक प्रकाशकांनी नाकारली आणि शेवटी छापली ती मोटार दुरुस्तीची मॅन्युअल काढणाऱ्या प्रकाशकानं. हे सांगितलं की उद्यमनगरची मंडळी पुस्तक लगेच नेतात.

अराकिस हा वाळवंटी ग्रह. पाणी इतकं दुर्मीळ की अंगातला घाम, श्वासातली ओल, सगळं गाळून पुन्हा पिण्यासाठी खास पोशाख घालतात. तिथला एक सरदार दरबारात येऊन टेबलावर थुंकतो. सगळे चवताळून उठायला लागतात, आणि मग कळतं की त्यानं आपल्या अंगातलं पाणी देऊन मान दिलाय. पॅटर्न बदलल्यावर जॉब असा बदलायला पाहिजे. (आपल्याकडं रस्त्यावर मान देणारे पुष्कळ आहेत, त्यांनी या प्रसंगाचा आधार घेऊ नये.)

माझी स्वतःची प्रत २०१९ च्या पुरात शाहूपुरीतल्या मित्राच्या घरी होती. पाणी उतरल्यावर चिखलातून काढली, खुर्चीच्या पाठीवर पसरून, मधेमधे वर्तमानपत्राचे तुकडे घालून आठवडाभर वाळवली. वाळवंटाची कादंबरी फुगून विटेएवढी झालीय. शेवटच्या शंभर पानांना अजून पंचगंगेचा वास येतो. ती मी कुणाला देत नाही, वाचनालयाची दुसरी आहे.

बायकांनी लिहिलेलं काही?

वर तिघी येऊन गेल्या. पण या प्रश्नाला थांबायचं ते उर्सुला ले ग्विनपाशी.

'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस', १९६९, या क्षेत्रातले ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मोठे पुरस्कार. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावरची माणसं ना पुरुष ना बाई. महिन्यातले थोडे दिवस त्यांच्यात लिंगभाव येतो, तोही कधी हा, कधी तो. आज जो बाप आहे तो पूर्वी आई होऊन गेलेला असू शकतो. बदल एवढाच, मग त्यातून राजकारण, लढाई नसणं, लाज, निष्ठा, सगळं उलगडत जातं. शेवटी दोघांचा हिमनदीवरचा लांबलचक प्रवास आहे, तो वाचताना मी मे महिन्यात पंखा बंद केला होता.

ले ग्विननी या सगळ्यांसाठी इंग्रजीतलं पुल्लिंगी सर्वनाम वापरलं. त्यावर टीका झाली, आणि पुढं त्यांनी स्वतःच त्यावर फेरविचार करून लिहिलं. मराठीत हे कसं करणार, हा प्रश्न मला छळतो. इंग्रजीला फक्त सर्वनामाची अडचण, आपल्याकडं क्रियापदच चुगली करतं. आला, आली, आलं. 'आलं' म्हणावं तर ते पोर किंवा जनावर होतं. 'ते आले' म्हटलं तर आदर वाढतो आणि आतला माणूस लांब जातो. एकदा मी दोन पानं करून बघितली, पहिल्याच संवादात अडकलो. कुणाला सुचलं तर काउंटरवर या.

त्यांचीच 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) लहान वाचकांसाठी लिहिलेली, पण मी मोठ्यांनाही देतो. तिथली जादू म्हणजे प्रत्येक गोष्टीचं खरं नाव ठाऊक असणं. ज्याला तुमचं खरं नाव कळलं त्याच्या हाती तुम्ही गेलात. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. माझी आजी रात्री सापाचं नाव घेत नसे, 'लांबडं' म्हणायची, आणि चावला तर 'पान लागलं'.

एन. के. जेमिसिनची 'द फिफ्थ सीझन' (२०१५) कडक आहे. सतत भूकंप होणारी जमीन, आणि तो भूकंप आवरू शकणाऱ्या माणसांना गुलाम करणारं राज्य. या मालिकेच्या तिन्ही भागांना ओळीनं तीन वर्षं ह्यूगो मिळाला. सुरुवातीलाच एका लहान मुलाचा मृत्यू आहे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांना मी देत नाही.

'मोठ्यांसाठी' म्हणजे चावट का?

थोडंफार असतं. त्यापेक्षा क्रौर्य जास्त असतं. विचारलंत तर पुस्तक देताना सांगतो.

आपला देश दिसेल असं काही?

अमिताव घोष यांची 'द कलकत्ता क्रोमोझोम'. मलेरिया डासांमुळं पसरतो हा शोध रोनाल्ड रॉसनं लावला हे आपण शाळेत घोकलं. घोष म्हणतात, त्याला तो शोध लावू दिला असेल तर? त्याच्या प्रयोगशाळेतली झाडूवाली, नोकरचाकर, हेच खरे जाणते असतील तर? १९९७ चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार या कादंबरीला मिळाला. शेवट धूसर आहे. काहींना राग येतो, मला आला नाही.

किम स्टॅनले रॉबिन्सनच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर'चं (२०२०) पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडतं. उष्णतेची लाट, दमट हवा, वीज गेलेली, लोक रात्री तळ्यात उतरतात आणि पाणीही गरम. ते प्रकरण मी एका बैठकीत पूर्ण करू शकलो नाही. नंतर पुस्तक बैठका आणि अहवालांत रुततं. पहिलं प्रकरण तरी वाचाच.

इयन मॅकडॉनल्डची 'रिव्हर ऑफ गॉड्स' २०४७ च्या भारतात घडते. श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३) आपल्याकडच्या धर्म-राजकारणाच्या इतकी जवळून जाते की परकी वाटतच नाही.

हसायला काही?

टेरी प्रॅचेट. सपाट जग, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका कासवाच्या पाठीवर. आपल्या कूर्माला बघून कधी हसलो नाही, तरी त्याच्या कासवाला बघून हसू येतं. या सपाट जगाच्या एकूण ४१ कादंबऱ्या आहेत, क्रमानं वाचायची गरज नाही. 'स्मॉल गॉड्स' घ्या: एका बलाढ्य देवाचा खरा भक्त आता एकच उरलाय, म्हणून देवाची ताकद आटून तो साधं कासव होऊन बसलाय. देवळं भव्य, पुजारी जोरात, आणि देव बागेत लेट्यूस शोधतोय.

मालिका अर्धवट राहिली तर?

राहतात. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या मालिकेचा पहिला भाग १९९६ चा, पाचवा २०११ चा, सहाव्याची वाट सगळं जग बघतंय. कोल्हापूरकरांनी वर्षानुवर्षं वाट बघितलेलं काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणीसुद्धा २०२३ ला पुइखडीत पोचलं. नवख्यानं एका भागात संपणारं पुस्तक घ्यावं.

कोल्हापुरात पुस्तकं कुठं मिळतात?

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, आधी तिथं बघा, जुनं मराठी बरंच हाती लागेल. इंग्रजी बहुतेकांना ऑनलाइन मागवावं लागतं. रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींपासून जपून. मी हौसेनं घेतलेल्या एका प्रतीत मधला सोळा पानी फर्माच नव्हता. नायक एका पानावर तुरुंगात होता, पुढच्या पानावर त्याचं लग्न.

बाबा सत्तरीचे आहेत, रिटायर्ड इंजिनिअर. त्यांना काय नेऊ?

आर्थर सी. क्लार्कची 'रॉन्देव्हू विथ रामा', १९७३ ची. एक भलामोठा पोकळ दंडगोल सूर्यमालेत शिरतो. ग्रीक-रोमन देवांची नावं संपल्यामुळं खगोलशास्त्रज्ञ आता हिंदू देवांकडं वळलेत, म्हणून याचं नाव 'रामा'. लांबी पन्नास किलोमीटर, म्हणजे साधारण कोल्हापूर ते सांगली. रुंदी वीस, म्हणजे इथून पन्हाळा. बाबांना एवढंच सांगा. ते आधी वहीत त्याचं घनफळ काढतील, मग वाचायला घेतील. मारामारी जवळपास नाही, माणसं आत जातात आणि बघतात.

एकच सांगा, लवकर. केएमटी बस येतेय.

'पिरानेसी'. खालून दुसरी फळी, डावीकडं. तिथं नसेल तर पॅटर्नवाल्या काकांकडं आहे. गुरुवारी आणून देतो म्हणालेत, पण त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचायला घेतलीय असं कालच कळलं.